चाळणी

मुहर्रकच्या समुद्राकडे पाठ करून उभी आहे आमची इमारत.
ऑगस्टात इथे समुद्रसुद्धा घामेजतो,
आणि मी तळघरात पोकळी तयार करत बसते.
पंपांना तीन दिवस लागतात
एका स्टीलच्या भांड्याला हवा विसरायला लावायला.

आत सोनं आहे. नखाएवढं.
हुपरीत आमच्या आळीत सांगितलं तर हसतील,
की चांदीवाल्यांची पोरगी सोन्यात गेली
आणि सोन्यावर काय मांडते, तर काजळी.

काजळीच, पण निवडक.
साठ कार्बन, बारा पंचकोन, वीस षटकोन,
फुटबॉलसारखा शिवलेला एकेक गोळा.
मुशीत चारशे अंशांवर तापवला की उठतो,
सोन्यावर पडतो, घरंगळतो.
मोकळं सोडलं तर सगळे
सोन्याच्या पायरीपाशी गोळा होतात,
पारावरच्या बिनकामाच्या माणसांसारखे
एकमेकांना टेकून.

म्हणून आधी मी जाळी विणते.
विणते कसली, दुसरी एक पूड शिंपडते,
थोडी ऊब देते, बाजूला होते.
रेणू हातात हात घालतात, षटकोनी घरं पाडतात.
माझ्याकडे एवढंच: शिंपडायचं किती, तापवायचं किती,
आणि हात कधी काढून घ्यायचा.
हे शेवटचं मला अजून नीट जमत नाही.

परवा घाई केली. दहा अंश जास्त.
जाळी उसवली, गोळे एकावर एक चढले,
पडद्यावर नुसता पुरळ.
गानिम काही बोलला नाही.
(आमच्याकडे गनीम म्हणजे शत्रू,
हे मी त्याला तीन वर्षांत सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी त्याने रुमालात बांधून
आजोबांच्या चाळण्या आणल्या.
पितळी वाट्या, एकीत एक बसणाऱ्या,
तळाला भोकं, खालच्या वाटीची वरचीहून बारीक.
होड्या परतल्या की आजोबा मोती वरच्या वाटीत ओतायचे
आणि मनगट हलवायचे. जरासं.
"बोटांनी निवडायचे नाहीत," गानिम म्हणाला,
"मोती स्वतःच सांगतो, मी कुठला."
किती वेळ हलवायचे?
ते त्यांना विचारायचं राहून गेलं, म्हणाला.
वाटीच्या कडेला अंगठ्याने झिजलेली एक जागा होती.
माझा अंगठा तिथे बसला नाही.

आज पहाटे अडीचला आम्ही इमारतीचा एसी बंद करवला.
कॉम्प्रेसरची थरथर सुईच्या टोकापर्यंत पोचते
आणि तिथे केसाचा लाखावा भाग म्हणजे भूकंप.
वॉचमन लोकबहादुर पुटपुटत जिन्यात जाऊन बसला.
गानिमने थोबच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या.
माझा चष्मा नाकावरून दोनदा घसरला.

सुई ओळीमागून ओळ चाचपत गेली,
आंधळ्याने चेहरा वाचावा तशी.
आधी जाळी आली.
मग एका घरात उजेडाचा थेंब.
मग त्याच्या शेजारी.
मग रांगच.
एका घरात एक, कुठे दाटी नाही, भांडण नाही,
आणि त्यातल्या एकालाही माझं बोट लागलेलं नव्हतं.
मला रडू येईल असं वाटलं; आली ती शिंक,
आणि ओळ वाकडी झाली.

गानिमने पडद्यावर बोट टेकवलं.
डावीकडे, खालून चौथ्या रांगेत
एक घर रिकामं.
"हे?"
"कुणी आलं नाही."

सुईने ढकलत नेऊन एक तिथे बसवता येतो.
येतं मला ते.
कडेला दोन मोकळे पडलेलेही होते.
छापील चित्र पूर्ण दिसलं असतं.

मी सुई वर घेतली.
जिन्यात हाक मारली, "दाइ, लावा एसी."
खालून यंत्र घरघरलं, पडदा शहारला,
सगळे ठिपके धुक्यात गेले.
असतील तिथेच.
गानिम वाट्या एकीत एक ठेवत होता,
रुमालाची गाठ मारताना
त्याने त्या कानाशी नेऊन एकदा हलवल्या.